दिवसाची झोप

४ एप्रिल, शनिवार
पाणी एक दिवसाआड, ते आज आलं. ड्रम भरला. दोन बादल्या पत्र्यासाठी बाजूला. दत्ता सकाळी चाकणहून रात्रपाळी करून आला, दोन घास खाल्ले आणि आडवा झाला. पोरगं प्रेस मशीनवर आहे. पेंगताना हात आत राहिला म्हणजे... नको ते लिहायला.
दुपारी शिडी लावून पत्र्यावरची पोती भिजवली. घरमालकीण पारूबाई खालून ओरडली, "अवं बाबा, झाडाला घाला की! पत्र्याला काय फुटवा येनार हाय?" गल्ली हसली. हसू द्या. खोली जराशी तरी निवते. उतरून पाहिलं, दत्ताचे डोळे मिटलेले. बरं वाटलं.

७ एप्रिल, मंगळवार
गौरी नावाची मुलगी आमच्या रहाटणीत हिंडते. फिल्म काढते, पण नट नाही, गाणं नाही. माहितीपट. मला वाटलं महापालिकेची, पाणी कुठे जातं ते बघायला आली. बादली दाराआड सारली. तिने पाहिलंच.
"काका, रात्रपाळीची माणसं दिवसा या पत्र्याखाली झोपतात कशी, ते दाखवायचंय."
म्हटलं, झोपेत काय बघणार लोक?
"हवामान बदललं म्हटलं की सगळे बर्फ दाखवतात. तुम्ही बर्फ कुठे पाहिलाय?"
रसाच्या गुऱ्हाळात, म्हटलं. खूप हसली. पोरगी चांगली वाटते. पण कॅमेरा म्हणजे भानगडच.

९ एप्रिल, गुरुवार
दत्ताची सुट्टी. गौरीने मोबाइलवर दुसऱ्या कुणी काढलेला माहितीपट दाखवला. परमुलखातलं समुद्राकाठचं गाव. पाणी घरात शिरतं म्हणून एक म्हातारी चूल मागे सरकवते. मग आणखी मागे. मग मागे भिंतच. भाषा कळली नाही, म्हातारी कळली. माझी शाळा सातवीत सुटली, पण हे कळायला शाळा लागत नाही. काढणारे किती दिवस तिच्या दारात बसले असतील! धन्य माणसं.
दत्ता म्हणाला, "आपलं बी काढू द्या की बाबा. कॅमेरा काय चावतोय व्हय?"
कंत्राटी नोकरी. कंपनीत कुणी पाहिलं तर? सूनबाई म्हणते, "मामा, तुम्हाला भ्यायला काहीही पुरतं."

१५ एप्रिल, बुधवार
गौरी दोन दुपारी नुसती उंबऱ्यात बसली. कॅमेरा पिशवीत. घामाने निथळत होती. पंखा तिच्याकडे वळवला, तिने परत दत्ताकडे वळवला. आज कॅमेरा काढला. मी वर चढलो, तर तीही मागून शिडीवर. तिला पत्र्याचा चटका बसला, तरी कॅमेरा खाली केला नाही. काम असं करावं.
मी दुकानात गेलो तेव्हा दत्ताशी बोलली म्हणे. काय बोलला असेल?

२३ एप्रिल, गुरुवार
फिल्म आधी गल्लीलाच दाखवली. तिची रीतच तशी. ज्याचं त्याने बघायचं, नको असेल ते सांगायचं, ती काढून टाकते. पारूबाईच्या भिंतीवर चादर लावली. मी दिसलो, शिडीवर, धोतर खोचलेलं. पारूबाईची थट्टा तशीच आली, सगळे हसले. मग पोत्यावर पाणी पडलं आणि वाफ उठली. ती वाफ पोरीने इतका वेळ दाखवली की हसू थांबलं. पारूबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "येवढं तापतंय व्हय? मला ठावं न्हाई व्हतं." तिच्याच खोल्या. डोळ्यांना दिसतं ते दाखवायलाही असं कुणी लागतं.
मग दत्ता दिसला. "झोप कुठली मॅडम. बाबा या वयात वर चढतात, त्यांना बरं वाटावं म्हणून डोळे मिटून पडतो. मग मशीनवर डुलकी येते."
शेजारी बसलेल्या दत्ताकडे पाहिलं. तो चादरीकडेच बघत राहिला.

२५ एप्रिल, शनिवार
सकाळी गौरी आली. "काका, दत्तादादाचं बोलणं ठेवू की काढू? ते म्हणतात, बाबा सांगतील तसं." पुण्यात दाखवणार आहे, कारखानदार लोकही येणार. ठेवलं तर एखादा विचार करेल, पाळ्या बदलतील. किंवा गेटवरूनच परत पाठवतील पोराला. काढून टाकलं तर दिसणार काय? म्हाताऱ्याने पाणी घातलं, पोरगा गाढ झोपला. तिने इतकं खरं काढलं, ते माझ्या भीतीपायी खोटं करायचं? आणि नोकरी गेली तर?
उद्या सांगतो, म्हटलं. ती "सावकाश" म्हणाली.
दुपारी चढलो. का चढलो, माहीत नाही. दोन्ही बादल्या ओतल्या. उतरून दारातून पाहिलं, तर दत्ताचे डोळे मिटलेले. विचारणार होतो, दत्ता, जागा आहेस का रे? ओठांवर आलं होतं.
पण खरंच झोप लागली असली तर?