लुंबिनीच्या फाटकासमोर

पुणे
८ जून २०२५

चि. दीपा हिस,
सप्रेम जयभीम.

फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि शेजारच्या पलंगावर आई सगळं ऐकते, म्हणून लिहितो आहे.

ऑपरेशननंतर तिनं पुण्यात माझ्याकडे राहायचं ठरलं होतं. मी ऑफिसात असताना तू गाडी घेऊन आलीस आणि तिला शेवगावला घेऊन गेलीस. याला पळवून नेणं म्हणतात.

सूर्यभानमामांना तर मी सोडणार नाही. विहारातली एवढी म्हातारी माणसं नेपाळपर्यंत नेतात आणि सोबत एक डॉक्टर नाही. शुगरची बाई दुपारपासून उपाशी आहे याचा यांना पत्ता नाही. जाब विचारला तर म्हणाले, तुमची आई लई हट्टी हाय, आमी काय करनार. आणि तुला तर सगळं ठाऊक होतं. पौर्णिमेला कुशीनगरला तिनं अष्टशील घेतलं, म्हणजे बारानंतर अन्न नाही. हे तिनं फोनवर सांगितल्यावर तू तिचं कौतुक केलंस. संध्याकाळी लुंबिनीच्या धर्मशाळेत साखर उतरून ती पायरीवर कोसळली आणि खुब्याचं हाड मोडलं.

ॲम्ब्युलन्स मी ठरवली, तिला सीमेपलीकडून गोरखपूरला मी आणवलं, तिथून विमानानं पुण्याला मी आणलं. तेव्हा तुम्ही सगळे रडत होता. आता आई कुठंही जाणार नाही. रविवारी न्यायला येतो. तिची बॅग भरून ठेव.

रागावलेला, तरी तुझाच,
सम्राट


शेवगाव
११ जून २०२५

ती. दादास,
जयभीम. आज सप्रेम लिहायला हात धजत नाही.

आईला मी पळवलं नाही. तिनंच मला बोलावून घेतलं. तुझ्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून तिला समोरच्या इमारतीचे पाइप दिसत होते आणि दिवसभर बोलायला कुणी नव्हतं.

कौतुक केलं, हो. करणारच. आपण लहान असल्यापासून ती दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाते. बारानंतर साखरेचं सरबत चालतं, ते पीत राहा, एवढं मी तिला बजावलं होतं. पण तुझ्या त्या शुगरच्या गोळीचं काय? रोज संध्याकाळी तुझा एकच फोन, गोळी घेतली का. जेवलीस का, हे तू कधी विचारलंस ते आठवून बघ. त्या दिवशीही तू बसमध्ये फोन केलास. तिनं पिशवीतून गोळी काढली, पाण्याच्या घोटाबरोबर गिळली आणि घेतली म्हणून तुला सांगितलं. रिकाम्या पोटी. तू खूश होऊन फोन ठेवलास.

मामांना शिव्या घालायच्या आधी हे ऐक. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मामी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तू नव्हतास, मीही नव्हते.

एक विचारते. लुंबिनीचं नाव काढलं की आई भिंतीकडे तोंड करते. ॲम्ब्युलन्सच्या त्या प्रवासात तू फोनवर कुणाला काय बोललास? रविवारी यायचं असेल तर आधी याचं उत्तर दे, नाहीतर दाराला कडी असेल.

तुझी बहीण म्हणवून घ्यायला सध्या जड जातंय, ती
दीपा


शेवगाव
१२ जून २०२५

चि. सम्राट यास,
आईचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र आणि दीपाचं उत्तर, दोन्ही मी दीपाकडून मागून घेऊन वाचली. माझ्यावरून भांडता आणि मला कुणी काही विचारत नाही. अंगणवाडीत जन्म गेला माझा, पण इतकी हट्टी पोरं तिथंही पाहिली नाहीत.

गोळी चुकवू नको म्हणालास, नाही चुकवली. सरबत पी असं दीपा म्हणाली, बाटली होती तोवर प्याले. बस सीमेवर अडकून पडली, बाटली संपली. दोघांचंही ऐकलं आणि पडले. यात सूर्यभानचा काय दोष? भन्तेंना मी आता विचारलं. आजाऱ्यानं दोन वेळा जेवावं आणि पंचशील पाळावं, एवढं पुरे म्हणाले. ते माझं मी बघीन.

पुढच्या वैशाखात मी परत जाणार आहे, वॉकर घेऊन नाहीतर चाकाच्या खुर्चीत. सूर्यभानकडे नाव दिलं आहे. विहारातल्या पोरांना मी दर वर्षी सांगते, लुंबिनीत बुद्धाच्या आईनं, महामायेनं झाडाची फांदी धरली आणि उभ्यानं बाळंत झाली. त्या आईची ती जागा मला बघायची होती. तेवढ्यासाठी मी सगळा प्रवास केला.

दीपा विचारते ते मीच सांगते. ॲम्ब्युलन्स त्या जागेच्या फाटकासमोर आली तेव्हा मी पूर्ण शुद्धीत होते. ड्रायव्हरनं आपणहून गाडी हळू केली. दोन मिनिटं थांबू का, पडल्या पडल्या हात जोडा, असं म्हणाला. मी हो म्हटलं. तरी त्यानं तुला फोन लावला. गाडी थांबवायची नाही आणि पेशंटचं काही ऐकायचं नाही, असं तू त्याला सांगितलंस. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. त्यानं तुझं ऐकलं. मी नुसती पडून होते, मागच्या काचेतून ते फाटक लहान होताना बघत.

रविवारी जेवायला ये, न्यायला येऊ नको. माझी माया आहे, ती तुला मागावी लागणार नाही. राग मात्र त्या फाटकातून आत जाईपर्यंत राहील.

तुझी आई
गोजरबाई