आत राहिलेला रोल

बाबा,

कपाटात कॅमेरा शोधू नका, मी दुरुस्तीला दिलाय. परक्या हातांवर तुमचा भरवसा नाही, म्हणून तुम्ही नको म्हणत होतात. पहिल्या दुकानदाराने बोलता बोलता मागचं झाकण उघडायला घेतलं, तेव्हा मी कॅमेरा अक्षरशः हिसकावून घेतला. दुसरीकडच्या कारागीर बाईंनी मात्र हात लावायच्या आधी विचारलं, “आत रोल आहे का?” मग अंधाऱ्या खोलीत जाऊन त्यांनी तो शाबूत काढला. शटर चालू होईल म्हणाल्या, पण रोल धुतला नाही. “ज्यांनी फोटो काढलेत, त्यांना विचारून या.”

आईचे शेवटचे फोटो त्यातच आहेत ना? धुवायचा की तसाच राहू द्यायचा, तुम्ही सांगा. नको म्हणालात तर पुन्हा विचारणार नाही.

जेवण झाकून ठेवलंय.

चिमी