पुढच्याने विचारायचं

१७ मार्च, मंगळवार

प्रिय भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत. तू कशी आहेस ते पेपरातून कळतंच. फोनवर तू "बोल ताई, पटकन" म्हणतेस आणि माझं पटकन न सांगता येण्यासारखं सगळं राहून जातं, म्हणून हे पत्र. आई चष्मा डोक्यावर ठेवून अजूनही घरभर शोधते. तू शर्यत जिंकलीस त्या दिवशी तिने जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगितलं, दूधवाल्याला तर दोनदा.

मी सध्या छापखान्यातून सुट्टी घेतली आहे. रोज सकाळी व्यायामाला जाते. हसू नकोस.

गंमत म्हणजे तिथल्या मॅडमनी भिंतीवर तुझाच फोटो लावला आहे, पेपरातला, चढावर सायकल मारतानाचा. कुणी कुरकुर केली की त्या पट्टीने तुझ्या मांड्या दाखवतात. "बघा. अशा फुकट मिळत नाहीत. ऊन नाही, थंडी नाही, रोज पहाटे ही रस्त्यावर. आणि तुम्ही दहा वेळा पाय उचलायला रडता. ही कधी रडली असेल का?" मी आपली पाय उचलत राहते. पायात गोळे आले म्हणून तू रस्त्याच्या कडेला बसून कसं भोकाड पसरायचीस, ते सांगितलं तर त्यांचा धडाच बुडेल. पण रडून झालं की नाक पुसून तू परत सायकलवर बसायचीस. मला तुझं तेच आठवतं.

मी कोण ते तिथे कुणालाच ठाऊक नाही. शेजारच्या पलंगावर खांदा आखडलेल्या एक शिवणकामवाल्या आजी असतात. एकदा फोटो निरखून म्हणाल्या, "अगं, तुझं नाक अगदी हिच्यासारखं आहे."

मी म्हटलं, "हिचं माझ्यासारखं असेल. मी मोठी आहे." त्यांना काही उमगलं नाही.

आता "पलंग" लिहून गेले, तर तू तो शब्द धरणारच. सांगूनच टाकते. छापखान्याच्या जिन्यावरून पडले. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली आहे. तुझी मोठी शर्यत तोंडावर होती, म्हणून कळवलं नाही. आईला मीच शपथ घातली होती, तिच्यावर चिडू नकोस. हाड जुळलंय, पाय मात्र ऐकत नाही. डॉक्टर म्हणतात, काठी सुटणं आता तुमच्याच हातात आहे. दुखतोय पाय, आणि म्हणे हातात.

तिथे एक सायकल आहे, जमिनीला बोल्टने आवळलेली. तुझ्या फोटोकडे तोंड करून मी ती चालवते. वारा नाही, रस्ता नाही. मग मला कालव्याकडचा सरळ रस्ता आठवतो. मी पुढे राहून वारा अंगावर घ्यायचे आणि तू माझ्या आडोशाला, चाकाला चिकटून यायचीस. पुढच्याने मागे बघायचं नाही, बघितलं की सायकल डुलते आणि मागचा आदळतो. म्हणून मी मान न वळवता ओरडायचे, "आहेस का?" आणि मागून तुझा आवाज यायचा, "आहे." शेवटच्या वळणावर मी बाजूला व्हायचे, तू सुसाट निघून जायचीस. पाठमोरी फार छान दिसायचीस.

तू लांब गेलीस, ते व्हायलाच हवं होतं. त्यासाठीच तर मी वारा खाल्ला. पण भिंगरे, तुझी फार आठवण येते. शेजारी बसलेली तू हवी असताना भिंतीवरची तू बघावी लागते.

आज चालायच्या सरावाच्या दोन दांड्यांवरचे हात सोडले आणि काठीशिवाय फोटोच्या भिंतीकडे निघाले. मध्येच अशी कळ आली की खाली बसावंसं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते येऊ दिलं, मग तुझ्यासारखंच नाक पुसलं आणि पुढे गेले. भिंतीला हात टेकला तो तुझ्या मागच्या चाकाजवळ. मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "बघा, हा फोटोचा गुण." मी "हो" म्हटलं.

ये, असं लिहीत नाही. पुढची शर्यत जवळ आली आहे, मागे बघू नकोस. पण पुढच्याने विचारायचं असतं गं. तू बऱ्याच दिवसांत विचारलं नाहीस.

न विचारताच सांगते. आहे.

तुझ्या चाकामागची,
ताई