शाकारणीचा सांगावा

आत्ये,

पहिली आली ती सून. म्हणजे मला तेव्हा कुठं ठाऊक ती सून म्हणून! शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली, "पाव्हणी आली गो तुझ्याकडं, बिरवाडीची दिसते!" बिरवाडीची कशावरून ते तिलाच माहीत, पण तिचं कधी चुकत नाय. मी चुलीपुढून उठून बघते तर अंगणात एक उंच बाई, तिच्या बोटाला धरलेली चार वर्षांची पोर, आणि मागं बांधावरच थांबलेला माझा मुलगा. दहा वर्षांनी! पुढचे केस गेलेत. मामंजींचं कपाळ आलंय त्याला, थेट. माझ्या हातातला डाव हातातच राहिला.

आता तुला मधलं काही ठाऊक नाय. तू देवाघरी गेलीस त्याच्या पुढच्याच वर्षी हे घडलं. वैशाखातली शाकारणी चालू होती, अर्धं छप्पर उघडं, कौलांचे नळे खाली उतरवलेले. पोरगा म्हणाला, बिरवाडीच्या कारखान्यात भरती हाय, आजच जायला हवं. हे म्हणाले, छप्पर झाकू आणि उद्या जा. तो थांबला नाय. दुपारी वळीव आला आणि बियाण्याचं सगळं भात भिजलं. तिन्हीसांजेला हा नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन येतो, तर ह्यांनी दारातच सांगितलं, "ह्या छपराखाली परत पाय टाकायचा नाय." हे तुझे लेक, तर तोही तुझाच नातू. पेढे तुळशीपाशी ठेवले आणि मागं न बघता गेला. पोलादपूर ते बिरवाडी एस.टी.नं किती लांब गो? पण दहा वर्षं ना हे गेले, ना तो आला. लग्न झालं ते बाजारात कळलं, नात झाली ती सुकटवालीनं सांगितली. ह्या घरात त्याचं नाव निघत नव्हतं. मी एकटी असले की कणगीला सांगायचे.

हां, तर परवाचा बुधवार. परत शाकारणीच चाललेली. हे वर छपरावर, पाठ अंगणाकडं. शिडीवर खालच्या आळीतले म्हातारे मामा नळे देत होते. हे हात मागं करून म्हणायचे, "द्या." मामा द्यायचे. मान वळवायची ह्यांची रीतच नाय, तुला माहीत हाय.

नातीनं वर बघितलं आणि मला विचारलं, "आजी, ते कोण बसलेत?"

"तुझे आजोबा."

"खाली कधी येणार?"

काय सांगू आत्ये? मला तरी कुठं ठाऊक होतं!

पोरगा तोवर अंगणात आला. माझ्या पाया पडला. सरळ शिडीपाशी गेला आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवला. मामा समजले, उतरले, बाजूला बसून त्यांनी विडी काढली. मी घरात पळाले. बघायचा धीर नव्हता. चुलीवर वरणाचं पातेलं उघडं होतं, त्यात वरून माती पडत होती. मी नवी नवरी असताना अशीच शाकारणी होती आणि मी मातीला शिव्या दिल्या होत्या, आठवतं? तू डाव हिसकावून घेतलास आणि म्हणालीस, "वरून माती पडते म्हणजे वर आपलं माणूस हाय. गप वाढ." तेव्हा किती रडले होते मी! परवा त्याच मातीकडं बघत उभी राहिले. झाकण घातलं नाय.

आणि मग ऐकू आलं. तुझ्या घरात नळा देण्याची जी रीत, मामंजींची, ती: बोटाच्या पेरानं दोन टिचक्या, फुटका नाय ना बघायला, मग एक फुंकर, मग हातात. मामा नुसते उचलून देतात. टण् टण्, फू. एक नळा गेला. टण् टण्, फू. दुसरा गेला. तिसऱ्याला वरचं सगळं थांबलं. माती पडायची पण थांबली. मला वाटलं, आता हे उतरतात आणि काय होतंय देवा.

वरून आवाज आला, "वळचणीचे आधी दे रे."

आत्ये, दे रे! सकाळपासून द्या द्या चाललेलं, आणि मान न वळवता, दे रे! मी धावत दारात आले. मामा पण कसले, विडी काढून म्हणतात, "काय ओ, म्हातारा झालो म्हणून मला अरे-तुरे?"

"तुम्हाला कोण बोलतंय?" हे वरनं.

सून पदरात तोंड घालून हसली. का रडली, मला कळलं नाय. मी दोन्ही केलं.

जेवायला बसले सगळे. वरणात माती कचकचत होती, कुणी चकार शब्द काढला नाय. पोरगा ताटाकडं बघत म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगावा धाडलात म्हणून आलो. नायतर धीर झाला नसता."

ह्यांचा घास हातात राहिला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चुलीत बघत बसले, विस्तव नव्हता तरी. तुझा लेक गो हा, म्हैस विकताना तिचं वय दोन वर्षं कमी सांगवेना म्हणून ती म्हैस गोठ्यातच म्हातारी झाली, असला माणूस. तो म्हणाला, "व्हय. मीच धाडला. शाकारणीला घरचं माणूस लागतं." आणि घास घेतला.

मी चाळीस वर्षं संसार केला ह्यांच्याशी. मला वाटत होतं, मला हा माणूस पाठ हाय. परवापासून मी ह्यांच्याकडं चोरून बघते, नवी नवरी बघते तशी.

प्रौढांच्या वर्गात शिकले म्हणून एवढं लिहिलं, जोडाक्षरं जमली तशी घातली. कागद कणगीत लपवते, दुसऱ्या कुणाच्या हातात पडायला नको, कारण सांगावा मीच धाडला होता, सुकटवालीकडून, ह्यांचं नाव घालून. ह्यांना मी अजून कबूल केलेलं नाय. हे पण विचारत नायत. तुला तेवढं सांगून मोकळी झाले.

पडवीची बाजू राहिली हाय. येत्या बुधवारी येतो म्हणालेत, तिघंही.