शिंका आल्या म्हणून

सुखदा,

मी दोन दिवस तुझ्या नणंदेकडे, अरुंधतीकडे मोशीला जातोय. पहाटेपासून शिंकतोय. माझी सर्दी तुला लागली तर रक्तातल्या दाहाच्या खुणा वाढतील आणि संशोधनासाठीचा तुझा नमुना डॉक्टर मागच्यासारखाच बाद करतील.

काल जिन्यात शेजारणींना तू तुझ्या मनाच्या आजाराचं नाव सरळ सांगितलंस, म्हणून सासरा निघून गेला असं मनात आणू नकोस. "आबा, माझी गोळी या संशोधनानं बदलणार नाही, पण पुढं कुणाचं तरी निदान लवकर होईल," म्हणालीस. आयुष्यभर पुस्तकं वाचूनही मला एवढं धाडस आलं नाही.

वरण झाकून ठेवलंय. जेवून गोळी घे.

का आलात, असं अरुंधती विचारेलच. बायपोलर हा शब्द आज मीही मोठ्यानं म्हणून बघतो.

आबा