मंजुळाबाईचा तांब्या

आदरणीय पाळकसाहेब,
सलाम.

उत्तम शुक्रवारच्या नाटकासाठी तुम्ही येशूचा पांढरा झगा परत मागवलात. धुऊन ठेवला आहे. यंदा तो आदिनाथ घालणार असं कळलं. त्याला जरा सैल होईल, आमच्या ह्यांचे खांदे रुंद होते.

हे क्रूस घेऊन मुरुडच्या बाजारातून निघाले की सगळी मंडळी रडायची. आणि दरवर्षी आमची शेजारीण मंजुळाबाई, जी कधी चर्चची पायरी चढली नाही, गर्दीतून तांब्या घेऊन पुढं यायची. "लेकराला पाणी तर पाजा की," म्हणायची. नाटकात पाणी नाही, म्हणून तुम्ही तिला मागं ओढायला लावायचात. रडणारी मंडळी तेवढ्यापुरती हसायची.

मग ह्यांना टीबी झाला. रविवारी चर्चमध्ये ह्यांचं नाव घेऊन प्रार्थना झाली, पण घरी कुणी आलं नाही. मंजुळाबाई रोज यायची. शेवटच्या सकाळी ह्यांना घोट गिळवेना, तेव्हा तिनं पदराचं टोक भिजवून ओठांना लावलं. "पी सुदाम," म्हणाली, "आज कुणी अडवत न्हाई."

हे तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात नाही. झगा तेवढा पाठवते, पत्र माझ्याच बायबलात ठेवते.

मंजुळाबाईला आता नीट दिसत नाही. शुक्रवारी मी तिचा हात धरून चालेन. तांब्या मीच भरून घेईन.

तुमच्याच मंडळीतली,
अंबिका