कपाळाची उजवी आठी

कात्रज, पुणे
२४ नोव्हेंबर १९९९

आदरणीय भीमराव दाजी यांस नागोरावचा सविनय जय भीम.

पत्र पोचलं. शालनताईचे गुडघे, आपली साखर आणि लातूरची थंडी, तिन्ही आटोक्यात आहेत हे वाचून बरं वाटलं. इकडे मीही ठीक आहे, म्हणजे अर्धा ठीक आहे. चेहऱ्याची डावी बाजू उत्तम. उजवीबद्दल लिहायला बसलोय, पण घाबरू नका.

तुमची कल्याणी मेडिकलसाठी आमच्याकडे राहायला आली तेव्हा कशी हसरी होती! सहामाहीच्या तोंडी परीक्षेत सरांनी मेंदूचा काप हातात दिला, चार प्रश्न विचारले आणि पोरीची दातखीळच बसली. नापास झाली. त्यावर आपलं पत्र आलं, की रविवारी येऊन तिला घेऊन जातो आणि इकडे कॉम्प्युटरच्या कोर्सला घालतो. त्या दिवशी ती जेवली नाही. मी म्हटलं, रडून काय होतंय, तो मेंदू मला शिकव. (एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडल्या. मेंदूत आणि एक्स्चेंजमध्ये मला फारसा फरक दिसला नाही, फक्त मेंदूत संप होत नाही.) बुधवार पेठेतून जुनं पुस्तक आणलं आणि आम्ही दोघं बसलो. आता चेहरा हलवणारी नस असते, नंबर सातची. ती कानाच्या खालून निघते आणि तिला गालाकडे पाच फाटे फुटतात. ते पाच काही केल्या तिच्या डोक्यात बसेनात. मी म्हटलं, हा घे मामाचा गाल, काढ यावर! आणि पेन कुठलं दिलं, तर माझ्या जुन्या पेटीतलं, केबलवर नंबर टाकायचं. ती शाई उन्हापावसात दहा वर्षं हलत नाही, हे जगात ज्याला माहीत असायला हवं तो मीच. चंपाने बेसनाने घासलं, खोबरेल तेलाने घासलं. शेवटी गालावर निळा नकाशा घेऊन झोपलो.

सकाळी चहाचा घोट घेतला, तो ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून थेट पेपरवर. आरशात बघतो तर तोंड डावीकडे ओढलेलं! "अगं बाई, शाई आत उतरली!" म्हणून चंपाने टाहो फोडला. मला मात्र आमचे अण्णा आठवले. ते अर्धांगवायूने गेले तेव्हा आपण होतातच. 

कल्याणी आली. रडली नाही. म्हणाली, "मामा, कपाळाला आठ्या घाला." (ही विनंती मला आजवर कुणाला करावी लागलेली नाही.) घातल्या. डावीकडे आल्या, उजवीकडे कपाळ गुळगुळीत. "डोळे मिटा." उजवा मिटेना. आणि दाजी, पोरगी चक्क हसली हो! चंपा लाटणं घेऊन तिच्या अंगावर गेली. तेव्हा म्हणते कशी, "मामी, कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून लाइन येते. मेंदूतच बिघाड असता तर तोंड वाकडं झालं असतं, पण आठ्या राहिल्या असत्या. त्याही गेल्यात, म्हणजे एक्स्चेंज शाबूत आहे, बाहेरची केबल बसलीय." मग हात वर करायला लावले, चालायला-बोलायला लावलं आणि तरीही डॉक्टरांनी बघितल्याशिवाय मानणार नाही म्हणत मला रिक्षात कोंबलं.

दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनी माझ्या गालाकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "हे कुणी काढलं?" कल्याणी जमिनीकडे बघत म्हणाली, "मी." बाईंनी फाटे बोटाने मोजले. "पाचही बरोबर आहेत. आता सांग, हा मेंदूचा झटका का नाही?" समोर पेशंटची रांग, बाजूला शिकाऊ डॉक्टर, आणि आपली नापास पोरगी घडाघडा बोलत होती! एकदाही अडली नाही. बाईंनी मला तपासलं आणि म्हणाल्या, "निदान हिने केलंय. मी फक्त गोळ्या लिहिते." बहुतेकांना महिन्या-दोन महिन्यांत उतार पडतो म्हणे. चंपाला घाई नाही. आठ्या निम्म्या झाल्यापासून तिला मी बरा दिसतो.

ताईला नमस्कार.

आपला,
नागोराव

ता. क. रविवारी या, जरूर या, ताईलाही आणा. फक्त सामान न्यायला रिकामी ट्रंक तेवढी आणू नका. पंधरा तारखेला कल्याणीची तोंडी परीक्षा पुन्हा आहे. कॉम्प्युटर काय, हल्ली गल्लीतलं प्रत्येक पोरगं शिकतंय. नापास होऊनही मामा दुरुस्त करणारी आपल्या घरात ही एकच आहे. तिला इथेच राहू द्या. मी आजवर आपल्याकडे काही मागितलं नाही.

ता. क. (दुसरा) बाईंनी सांगितलंय, उजवा डोळा मिटत नाही म्हणून त्यातून पाणी येत राहील, तो आजाराचाच भाग आहे, काळजी करू नका. त्या दिवशी कल्याणी उत्तरं देत होती तेव्हा डाव्यातूनही येत होतं. त्याचं कारण मी बाईंना विचारलं नाही.